स्टेपनी बघितलीस काय?

आमच्या सोसायटीत ज्यांच्याकडे मोटार नाही, स्कूटर नाही, साधी सायकलसुद्धा नाही असे गृहस्थ एकच आहेत, आणि साऱ्या सोसायटीच्या टायरांत हवा भरतात तेही तेच. त्यांचं नाव दत्ताराम परब. मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहतात. त्यांच्या खिडकीतून फक्त पार्किंग दिसतं. दुसरा कोणी असता तर अशी खिडकी पदरात पडली म्हणून बिल्डरच्या नावाने बोटं मोडत बसला असता. परबकाका मात्र त्या खिडकीत चहाचा कप घेऊन असे बसतात की वाटावं समोर समुद्रच आहे.

समोर असतात टायर. काकांना माणूस ओळखायला वेळ लागतो, टायर लगेच ओळखू येतो. तुम्ही गाडी लावून उतरलात की ते बाहेर येतात, पण तुमच्याकडे बघत नाहीत. आधी वाकतात, एकेका टायरवर अंगठा दाबतात, हनुवटी खाजवतात आणि मग मान वर करून तुम्ही कोण आहात ते पाहतात. मग पहिला प्रश्न येतो. ‘कसा आहेस’ नाही, ‘जेवलास का’ नाही.

"स्टेपनी बघितलीस काय?"

आता डिकीत सतरंजीखाली पडून असलेला तो जादा टायर कोणी रोज उठून बघतं का? आपण तो गाडीबरोबर घेतो आणि विसरून जातो. काका विसरत नाहीत आणि दुसऱ्याला विसरू देत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या राणेंचा मुलगा लग्नाला निघाला होता. गाडीला झेंडूच्या माळा, नवरदेवाच्या कपाळाला मुंडावळ्या, आत चार बायका पैठण्या सावरत बसलेल्या, आणि काका गाडीच्या पुढे उभे.

"नवरदेवा, स्टेपनी बघितलीस काय?"

"काका, मुहूर्त टळेल हो!"

"मुहूर्त टळता तो स्टेपनी न बघितल्यान. डिकी उघड."

डिकीतून साड्यांची खोकी, बुंदीचे डबे, केळवणातली भांडी, सगळं पार्किंगमध्ये काढून ठेवावं लागलं. मुलाचे वडील नुसते लाल झाले होते. सगळ्यात खाली स्टेपनी निघाली आणि ती चपातीसारखी बसलेली होती. राणेंचा आवाजही तिच्याबरोबर बसला. काकांनी हवा भरून दिली आणि वऱ्हाड रवाना केलं.

ही हवा ते ज्यातून भरतात ते यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काकी कुठल्या तरी आजारी माणसाला ऑक्सिजन घेऊन चालल्या आहेत. कारण सगळा सरंजाम काकींच्या भाजी आणायच्या दोन चाकांच्या ट्रॉलीवर होता. कापडी पिशवी काढून टाकलेली. तिच्या जागी पट्ट्यांनी आवळून बांधलेला कमरेएवढा सिलिंडर, त्याच्या मानेवर दोन घड्याळं असलेला रेग्युलेटर, त्यातून निघालेली निळी गुंडाळीची नळी, नळीच्या टोकाला टायरच्या तोंडाला लावायचं पितळी नोझल, आणि या सगळ्यावर लटकणारं एक पिवळं फडकं. टायरच्या वॉल्व्हवरची धूळ त्या फडक्याने पुसल्याशिवाय काका नोझल लावत नाहीत. बिल्डिंगमध्ये या प्रकाराला ‘परबांची पालखी’ म्हणतात.

पालखी एका दिवसात तयार झालेली नाही. आधी पायाने दाबायचा पंप झाला. त्याने काकांचा गुडघा धरला. मग त्यांनी कुठेतरी पाहिलं की जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधून झकास हवा निघते. जुना फ्रिज घरात होताच. अडचण एवढीच होती की तो चालू होता. काकी भाचीच्या बारशाला डोंबिवलीला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा सुरमईच्या तुकड्या, सोलकढी आणि रात्रीची आमटी ओट्यावर मांडलेली, आणि फ्रिजचं हृदय गॅलरीत धडधडत होतं. "जिता होता ओ ता!" असं काकी त्या फ्रिजबद्दल अजून सांगतात. त्या कॉम्प्रेसरचा आवाज इतका मोठा होता की पहिल्या मजल्यावरच्यांनी घरात भूकंप झाल्याची तक्रार केली. शेवटी काका त्यांच्या मूळ विद्येकडे वळले. त्यांची सारी नोकरी भांडुपच्या एका कारखान्यात गेली होती. तिथे आग विझवायच्या लाल नळकांड्यांत गॅस भरत. त्याच गॅसचा सिलिंडर त्यांनी आणला. वीज नको, आवाज नाही, दम लागत नाही. ट्रॉली ढकलायची, नोझल लावायचं आणि घड्याळाच्या काट्याकडे बघत उभं राहायचं.

"पण उभो ठेवूचो हां," हे त्यांचं दुसरं पेटंट वाक्य. "ह्यो उभो रवलो तर गॅस देता. आडवो पाडलास तर नळीत बर्फ. माणसासारखोच आसा मेलो."

अर्थात सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघालाच. आमचे सेक्रेटरी शहाभाई सभ्य माणूस. ते हात जोडून म्हणाले, "परबभाई, बुरा मत मानो, पण लोक बोलतात की तळमजल्यावर बॉम्ब आहे. उद्या फुटला तर आपली वाट लागेल ना!"

काका शांतपणे उठले, बाहेर गेले आणि पालखी घेऊन आले. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात वर्तमानपत्राचा बोळा टाकून पेटवला. सगळे खुर्च्या मागे सरकवत उभे राहिले. काकांनी नोझल डब्यावर धरलं, फुस्स झालं आणि आग जागच्या जागी विझली. त्याबरोबर टेबलावरचे सोसायटीचे कागद उडाले आणि शहाभाईंच्या चष्म्यावर दव जमलं.

"बॉम्ब आग लावता," काका म्हणाले. "ह्यो विझवता. आता बोला."

चष्मा पुसत शहाभाईंनी पुढचा विषय घेतला. पुढच्या रविवारी त्यांचीच स्कूटर रांगेत पहिली होती.

हो, रविवारी सकाळी रांग लागते. पालखी बाहेर येते, काकी खिडकीतून सगळ्यांना चहा देतात, आणि काका हवा भरण्याआधी प्रत्येक गाडीसाठी गाऱ्हाणं घालतात. आमच्या मालवणी मुलखात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. घरातला किंवा गावातला वडीलधारा माणूस देवासमोर हात जोडून मागणं मागतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला होकार भरायचा. मी जुनी का होईना, पण पहिलीवहिली गाडी घेतली तेव्हा माझ्या पुढच्या टायरपाशी काका उकिडवे बसले आणि त्यांनी सुरुवात केली:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या विनयान गाडी घेतल्यान हा. तिच्या चारय टायरांक बळ दी. वाटेत खिळो, काच, काय पडला आसात ता बाजूक सार, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी रांग ओरडली. त्यात शहाभाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता. त्यांना अर्थ माहीत नव्हता, पण एवढं ओरडलं की टायर पंक्चर होत नाही, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

आता माझा स्वभाव थोडा खोडकर आहे. काकांच्या हवेवर माझी गाडी बरी चालली होती, पण माझ्या लक्षात आलं की पुढच्या रविवारपर्यंत टायर हमखास मऊ होतात. पेट्रोलपंपावर भरलेली हवा महिनाभर हलत नाही, काकांची मात्र आठवड्यात ढिली. मी मोबाइलवर वाचलं तर कारण सापडलं. हा आग विझवायचा गॅस रबरातून साध्या हवेपेक्षा फार लवकर झिरपून जातो. मला भारी आनंद झाला. एखाद्या पंडिताची चूक पकडल्यासारखं वाटलं. रविवारी रांग संपल्यावर मी काकांना गाठलं.

"काका, तुमच्या गॅसमध्ये लोचा आहे. हा टिकत नाही. टायरमधून आपोआप गळतो."

काका नळी गुंडाळत होते. हात थांबला नाही.

"माहीत आसा माका."

"माहीत आहे? मग साधी हवा भरणारं यंत्र का नाही बनवत?"

"साधी भरलंय तर तू खाली कित्याक येतलंस?"

काकांनी फडकं झटकलं, नोझलवर गुंडाळलं आणि पालखी आत नेली. काका-काकींना मूलबाळ नाही. त्या घरात आठवडाभर कोणी येत-जात नाही, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. त्यानंतर मी पेट्रोलपंपावर हवा भरली नाही.

असं सगळं सुखात चाललं असताना गणपती जवळ आले. मी दर वर्षी मिळेल त्या एसटीने गावी जायचो, या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या गाडीने निघणार होतो. काकांचं गाव आमच्या गावाच्या शेजारचंच, मधे एक ओढा. आमची ओळख झाल्यापासून काका मात्र कधी गणपतीला गावी गेलेले मी पाहिले नव्हते. गावाचा विषय काढला की ते टायरचा विषय काढत. पण त्या रविवारी माझ्या गाडीभोवती ते बराच वेळ घुटमळले.

"पाच दिवस गाडी खय लावतलंस रे?"

"आमच्या अंगणात. का?"

"तुमच्या खळ्यात सावली नाय. उन्हान टायर तापतत." मग डावीकडच्या टायरला उगाच पुसत म्हणाले, "आमच्या खळ्यात फणस आसा. दाट सावली. एक दिवस थय लाव. चांगला असता टायरांक."

एका दिवसाच्या सावलीने टायरचं काय भलं होणार होतं ते मला कळेना. संध्याकाळी काकी आमच्याकडे आल्या तेव्हा उलगडा झाला. पदराखाली काहीतरी धरून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "स्मिता, दार ओढून घे गो."

पदराखाली नारळ होता. शेंडी राखलेला, हळदकुंकू लावलेला.

"ह्यो आमच्या घरच्या गणपतीसमोर ठेवा. ह्येंका कळता कामा नये."

"पण तुम्ही दोघं का येत नाही काकी? गाडीत जागा आहे," मी म्हटलं.

काकी स्टुलावर बसल्या. त्यांचे सासरे वारले, त्यानंतरच्या वर्षाची गोष्ट. घरच्या गणपतीचं गाऱ्हाणं तोवर सासरे घालत. आता तो मान थोरल्या मुलाचा, म्हणजे काकांचा. गावी धाकटा भाऊ सदा सगळी तयारी करून वाट बघत होता. तेव्हा काकांकडे एक जुनी गाडी होती. महिनाभर आधीपासून काका आंघोळ करताना गाऱ्हाणं पाठ करत होते. निघाले आणि कशेडी घाटात टायर फुटला. डिकी उघडून बघतात तर स्टेपनीत हवा नाही.

"एका झाडाखाली बसून रवलव. एवढे ट्रक गेले, एकाकडेय पंप नाय. ह्येंच्या तोंडाकडे माका बघवत नव्हता. घराकडे पोचलव तेव्हा दिवेलागण. भटजी येवन गेलेले, पूजा झालेली, गाऱ्हाणां सदाभावजींनी घातलेला. ह्ये पायरीवरच थांबले. ‘मी जितो असताना माझा गाऱ्हाणां धाकट्यान घातल्यान,’ इतक्याच बोलले आणि तसेच मागे फिरले. पाणीसुद्धा प्याले नाय. मुंबैक इले ते गाडी विकून टाकल्यांनी."

स्मिताने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. काकींनी तो नुसता हातात धरला.

"राग सदाभावजींवर दाखवतत. पण ह्येंचो राग कोणावर आसा ता माका माहीत आसा. त्या स्टेपनीवर. स्वतःवर. तेव्हापासून दुसऱ्यांच्या गाड्येत हवा भरत बसलेले आसत. आता तुमच्या टायरातून गॅस धाडतत. आपण जायत नाय, गॅस गळाक धाडतत खळ्यात!" काकी हसल्या आणि लगेच डोळे पुसले. "वया झाली रे दोघांची. एकदा देवासमोर ह्येंच्या तोंडून गाऱ्हाणां झाला काय माझा सगळा पावला. दुसरा काय नको."

नारळ लपवायचा कुठे हा प्रश्न होता. सामानाची काकांकडून झडती होणार हे नक्की. मी फार हुशारीने विचार केला. स्टेपनी काकांनी त्याच दिवशी तपासून, गाऱ्हाणं घालून पास केली होती. म्हणजे ती आता पुन्हा कोण बघणार? मी डिकीतली सतरंजी उचलली, स्टेपनीच्या मधल्या खळग्यात नारळ घट्ट बसवला आणि वर बॅगा रचल्या. जगात लपवायला एवढ्या जागा असताना मी नेमकी ती निवडली. स्मिता अजून मला त्यावरून ऐकवते.

निघायच्या दिवशी सकाळी काका पालखी घेऊन हजर. चारी टायर झाले. मी घाईघाईने दार उघडलं.

"स्टेपनी बघितलीस काय?"

"काका, रविवारीच बघितली की! तुम्हीच बघितली."

"रविवारी बघितलेली रविवारची. डिकी उघड."

खिडकीत काकी चहाची किटली हातात धरून दगड होऊन उभ्या. काकांनी बॅगा खाली ठेवल्या, मखराचं सामान काढलं, सतरंजी वर केली आणि आत वाकले. त्यांचं डोकं आणि दोन्ही खांदे डिकीत गेले. बाहेर फक्त पाठ दिसत होती. ते बराच वेळ तसेच राहिले. हवा बघायला इतका वेळ लागत नाही.

मग त्यांनी सतरंजी सारखी केली, बॅगा एकेक करून परत जागेवर लावल्या.

"बरी आसा," ते म्हणाले. "नीट जा." आणि पालखी ढकलत आत गेले. त्या दिवशी त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही, हे मला पनवेल ओलांडल्यावर लक्षात आलं. स्मिता म्हणाली, दिसला नसेल नारळ. मीही तसंच म्हटलं.

पहिला दिवस आमच्या घरच्या गणपतीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओढा ओलांडून परबांच्या घरी गेलो आणि सांगितल्याप्रमाणे फणसाखाली गाडी लावली. ओटीवरून एक गृहस्थ उतरले. काकांचंच तोंड, फक्त जरा उन्हात वाळवलेलं. ते सरळ आमच्याकडे आले, पण आमच्याकडे बघेनात. वाकले आणि पुढच्या टायरवर अंगठा दाबला.

"हवा कमी आसा," ते म्हणाले, आणि मग मान वर करून आम्ही कोण ते पाहिलं.

स्मिताने मला असा चिमटा काढला की हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगितलं, आम्ही मुलुंडचे, दत्तारामकाकांच्या बिल्डिंगमधले. सदाकाकांचा अंगठा टायरवरच राहिला. मी डिकी उघडून सतरंजीखालून नारळ काढला, आणि मीच थबकलो. मी ठेवलेला नारळ उघडा होता. हातात आला तो पिवळ्या फडक्यात नीट गुंडाळलेला होता. चारी टोकांची गाठ मारलेली. फडकं झटकून, स्वच्छ बाजू वर करून बांधलेलं होतं, पण रबराचा वास जात नव्हता.

"ह्या फडक्या कोणाचा?" सदाकाकांनी विचारलं.

"काकांचं. टायर पुसायचं," मी म्हटलं. "नारळ काकींनी चोरून दिला होता. फडकं त्यांनी बांधलंय. आम्हाला आत्ता कळतंय."

सदाकाकांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला. फडकं सोडलं नाही. तसाच नेऊन गणपतीसमोर ठेवला. घरातली माणसं हाक न मारता गोळा झाली. सदाकाकांनी हात जोडले.

"बा गणपती म्हाराजा! दरवर्सा सांगतंय तसा आजय सांगतंय. ह्या घराचा गाऱ्हाणां थोरल्याचा. मी नुसतो तेच्या जागेर उभो आसंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तेचो नारळ इलो. आता नारळाच्या पाठसून तोय येवंदे. वाटेत खय अडकाक देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की आरास हलली.

प्रसाद झाल्यावर सदाकाका माळ्यावरून एक जुना हातपंप घेऊन खळ्यात आले. म्हणाले, पाव्हण्याक बसलेल्या टायरावर धाडूचो नाय. आम्ही आळीपाळीने पंप मारत होतो आणि प्रत्येक झटक्याबरोबर त्यांचा एकेक प्रश्न येत होता.

"तब्येत?"

"बरी आहे."

"गुडघो?"

"एक दुखतो."

"अजून चिडता?"

"हवेवरून चिडतात फक्त."

मग ते थांबले आणि पंपाच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "त्या दिवशी भटजीक मी दोनदा परत धाडलंय. गावातली सगळी घरां करून ये म्हटलंय, आमचा शेवटाक. पोरांका रस्त्यार उभी केलंय. शेवटी भटजी म्हणालो, आता घालशीत तर घाल. ह्या सांगाक तेणां तोंडच उघडूक दिल्यान नाय माका. तो पायरीवरनांच फिरलो." त्यांनी पुन्हा पंप मारायला घेतला. "सांग तेका, पुढल्या वर्सा ये. आणि येताना स्टेपनी बघून ये म्हणा."

आम्ही मुलुंडला परतलो तेव्हा सकाळच होती. रविवारची रांग लागलेली, शहाभाई स्कूटर घेऊन उभे. माझी गाडी दिसताच काकांनी हातातलं नोझल तसंच सोडलं आणि आले. माझ्याकडे बघितलं नाही. वाकले आणि अंगठा दाबला. पुन्हा दाबला. दुसऱ्या टायरकडे गेले, तिसऱ्याकडे गेले.

"ही माझी नाय," ते म्हणाले. "माझी आतापर्यंत गळली असती. कोणी भरल्यान?"

"सदाकाकांनी. फणसाखाली. हातपंपाने."

काका खालीच बसले. वॉल्व्हचं टोपण काढून त्यांनी नखाने आतली पिन अगदी हळू दाबली. बारीक फुस्स आवाज आला. त्यांनी तोंड जवळ नेलं आणि डोळे मिटले.

"खोबरेल," ते म्हणाले. "बाबा पंपाच्या वायसरीक खोबरेल लावायचे. सदा अजून लावता." त्यांनी घाईने टोपण फिरवून बंद केलं. "ह्या टायरांक आता हात लावूचो नाय. ही हवा टिकतली."

मी त्यांना सगळं सांगितलं. भटजींना दोनदा परत पाठवल्याचं, रस्त्यावर उभ्या केलेल्या पोरांचं, स्टेपनी बघून यायच्या निरोपाचं. काका टायरवर हात ठेवून ऐकत होते. चेहरा दिसत नव्हता. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी भर पार्किंगमध्ये हात जोडले आणि माझ्या मुंबईत वाढलेल्या मोडक्यातोडक्या मालवणीत सदाकाकांचं गाऱ्हाणं आठवेल तसं म्हणू लागलो. घराचं गाऱ्हाणं थोरल्याचं. मी नुसता त्याच्या जागेवर उभा आहे. आता नारळाच्या पाठोपाठ तोही येऊ दे. वाटेत कुठे अडकायला देऊ नको, म्हाराजा.

"व्हय म्हाराजा!" मागून शहाभाई सवयीने गरजले. कसलं गाऱ्हाणं चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

रांगेत कोणी हसलं नाही. खिडकीत काकी गजाला धरून उभ्या होत्या. काकांनी सवयीने फडक्यासाठी हात बाजूला नेला, फडकं तिथे नव्हतं हे त्यांना आठवलं, मग त्यांनी शर्टाच्या बाहीनेच तोंड पुसलं. आणि टायरपाशी तसेच उकिडवे बसून, कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले,

"व्हय म्हाराजा."